'ॲरो' विमानं डिफेनबेकरनी सूडानं फोडली का?

कॅनडाचे कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान जॉन डिफेनबेकर (१९५७-६३) यांच्याबद्दल साठ वर्षांहून जास्त काळ एक गोष्ट फिरते: 'ॲव्ह्रो ॲरो' हे स्वदेशी लढाऊ विमान त्यांनी बंद पाडलं आणि सूडापोटी तयार विमानंही तोडायला लावली.

पहिला भाग खरा आहे. २० फेब्रुवारी १९५९ रोजी त्यांनीच संसदेत प्रकल्प रद्द केल्याचं सांगितलं. हजारो कामगारांची नोकरी एका दिवसात गेली. तो राग मला अगदी रास्त वाटतो.

पण तोडण्याचं काय? कागदपत्रं स्पष्ट आहेत. विमानं मोडीत काढण्याची शिफारस हवाई दलप्रमुख ह्यू कॅम्पबेल यांची होती आणि ती संरक्षणमंत्री जॉर्ज पर्क्स यांच्याकडे गेली होती. सांगाडे सरकारी विक्रीत गेले, तर उद्या कुणी रस्त्याकडेला दुकान म्हणून ते उभे करील, अशी धास्ती त्या टिपणात चक्क लिहिलेली आहे! यात डिफेनबेकरांचा हुकूम कुठेच सापडत नाही. रद्द करण्याची जबाबदारी त्यांच्यावर जरूर टाका, पण कटरनं कापलेल्या पंखांचं खापर त्यांच्या डोक्यावर फोडू नका. सहाव्या विमानाचं नाक त्यातून वाचलं, ते ओटावाच्या विमान संग्रहालयात आजही बघता येतं.