अतिजोखमीची औषधे

देण्यात चूक झाल्यास रुग्णाला गंभीर इजा पोहोचण्याचा किंवा मृत्यू ओढवण्याचा धोका विशेष असलेली औषधे. त्यांच्याबाबत चुका अधिक वेळा होतातच असे नाही. झालेली चूक जिवावर बेतते, हा व्याख्येचा गाभा. इन्शुलिन, रक्त गोठू न देणारे हेपारिन, मॉर्फिनवर्गीय वेदनाशामके, कर्करोगावरील औषधे, स्नायू शिथिल करणारी औषधे व तीव्र पोटॅशियम क्लोराइड ही बहुतेक याद्यांत आढळतात. काही याद्या प्रतिजैविकांचाही समावेश करतात. मात्र यादी जितकी लांबते तितकी तिची धार बोथट होते, हा आक्षेप रास्त वाटतो.

ही संज्ञा साधारणपणे १९९० च्या दशकात अमेरिकेत रूढ झाली. तेथील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या ‘जॉइंट कमिशन’ने १९९९ मध्ये या औषधांविषयी इशारा प्रसृत केला. जागतिक आरोग्य संघटनेची औषधसुरक्षा मोहीम २०१७ ची.

प्रतिबंधाचे मूळ उदाहरण पोटॅशियमचे. १५ टक्के द्रावणाच्या दर मिलीलीटरमध्ये सुमारे २ मिलीमोल पोटॅशियम असते. विरल न करता ते झपाट्याने शिरेत गेल्यास हृदय बंद पडते. आणि त्याची कुपी सलाइन किंवा निर्जंतुक पाण्याच्या कुपीसारखीच दिसू शकते. म्हणून कुप्या वॉर्डातून काढून टाकणे व आधीच विरल केलेल्या पिशव्या पुरवणे, हा उपाय तांबड्या चिठ्ठ्या डकवण्यापेक्षा परिणामकारक मानला जातो. चिठ्ठी वाचावी लागते. कपाटात नसलेली कुपी हाती येत नाही.

इन्शुलिनमध्ये घोळ मापाचा असतो. ‘युनिट’साठी लिहिलेले ‘U’ हे एकच रोमन अक्षर शून्यासारखे दिसते व १० चे १०० होतात, त्यामुळे पूर्ण शब्द लिहावा असा दंडक आहे. दर मिलीलीटरला १०० युनिट असलेले इन्शुलिन दर मिलीलीटरला ४० युनिटच्या खुणा असलेल्या सिरिंजने मोजल्यास मात्रा अडीचपट जाते. व्हिंक्रिस्टीन हे कर्करोगावरील औषध फक्त शिरेतूनच द्यायचे असते. पाठीच्या मणक्यातून दिल्यास ते बहुधा प्राणघातक ठरते. ते सिरिंजऐवजी लहान पिशवीत भरण्याची शिफारस याच कारणाने झाली, कारण पिशवी मणक्यातील सुईला सहसा कोणी जोडत नाही.

दुहेरी तपासणीविषयी मतभेद आहेत. दुसऱ्या परिचारिकेने पहिलीचे उत्तर न पाहता मात्रा स्वतः काढणे अपेक्षित असते. प्रत्यक्षात पुष्कळदा केवळ दुसरी सही होते. दुहेरी तपासणीच्या उपयुक्ततेचा पुरावा मर्यादित असल्याने ती सरसकट न लादता मोजक्या औषधांपुरती ठेवावी, या मताकडे अलीकडे कल दिसतो. बारकोड पडताळणी आणि मात्रेची मर्यादा ओलांडल्यास इशारा देणारे इन्फ्यूजन पंप (शिरेतून ठरावीक वेगाने औषध सोडणारी यंत्रे) यांचाही वापर होतो.

रुग्ण घरी गेल्यावरच्या चुकांमध्ये मेथोट्रेक्सेटचे उदाहरण विशेष उल्लेखनीय आहे : संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची मात्रा रोज घेतली जाते.