कुलूप-फाईल (ग्नूकॅश)

ग्नूकॅश या मोफत हिशेब-सॉफ्टवेअरमध्ये वही (म्हणजे हिशेबाची फाईल) उघडताच तिच्याच फोल्डरमध्ये तयार होणारी आणि वही रीतसर बंद केली की पुसली जाणारी खुणेची फाईल. तिचे नाव वहीचेच असते, फक्त शेवटी ‘.एलसीके’ जोडलेले. नावात कुलूप असले तरी तिचे काम दारात काढून ठेवलेल्या चपलांचे आहे : चपला दिसल्या की आत कोणीतरी आहे असे समजायचे.

ग्नूकॅशची १.० ही आवृत्ती १९९८ मध्ये आली. हिशेब नावे-जमेच्या दुहेरी पद्धतीचा असतो. त्यामुळे कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या जुन्या पेढीवर किर्द-खतावणी लिहिलेल्या माणसाला ते परके वाटत नाही. कोल्हापूरकडच्या घरात दर दहा दिवसांचे दूधबिल, हप्त्याहप्त्याने येणारे ऊसबिल, भिशी आणि सोसायटीचे कर्ज एवढे सगळे एकाच वहीत बसते. पण ही वही एका वेळी एकानेच लिहायची आहे. नेहमीच्या एक्सएमएल प्रकारात उघडताना पूर्ण वही संगणकाच्या स्मृतीत घेतली जाते आणि जतन करताना पूर्ण वही नव्याने लिहिली जाते. खाली गल्ल्यावर आणि वर माळ्यावर अशा दोन संगणकांवर तीच वही उघडली, तर जो शेवटी जतन करील त्याची वही राहते. दुसऱ्याच्या दिवसभराच्या नोंदी कुठलीही तक्रार न करता जातात. कुलूप-फाईल आहे ती एवढ्यासाठीच.

ती आधीपासून हजर असेल तर सॉफ्टवेअर इशारा देते आणि काही वाटा ठेवते : फक्त वाचण्यासाठी उघडा, नवी वही करा, तरीही उघडा किंवा बाहेर पडा. इशारा पाहून बहुतेकजण वही बिघडली असे समजून घाबरतात. खरे तर तो इशारा कमी आणि प्रश्न जास्त आहे : आत कोणी आहे का? त्याचे उत्तर सॉफ्टवेअरला माहीत नसते, घरातल्या माणसाला असते.

मे महिन्यातली संध्याकाळ घ्या. वळवाचा पाऊस सुरू होतो, पहिल्या गडगडाटाला वीज जाते आणि बॅटरी नसलेला संगणक तिथेच बंद पडतो. वही रीतसर मिटलेली नसते, म्हणून कुलूप-फाईल मागे राहते. माणूस अनवाणीच निघून गेला, चपला दारात तशाच. वीज आल्यावर इशारा दिसतो. घरात संगणक एकच असेल आणि त्यावर ग्नूकॅशची दुसरी खिडकी उघडी नसेल, तर ‘तरीही उघडा’ हेच बरोबर. संगणक दोन असतील तर आधी माळ्यावर हाक मारावी. ‘कोण नसंल’ या अंदाजावर बटण दाबू नये. शंका असेल तर फक्त वाचण्यासाठी उघडून आकडे पाहावेत, त्यात काही बिघडत नाही.

वही ड्रॉपबॉक्ससारख्या समक्रमित (इंटरनेटवरून दोन्ही संगणकांवर सारख्या ठेवल्या जाणाऱ्या) फोल्डरमध्ये ठेवली तर या खुणेवर विसंबता येत नाही. इंटरनेट रेंगाळले की चपला दुसऱ्या दारात उशिरा दिसतात, तोवर तिथला माणूस आत शिरलेला असतो. एस्क्यूलाईट या डेटाबेस प्रकारच्या वहीत, जी सोय २०१० मध्ये २.४ या आवृत्तीपासून आली, प्रत्येक नोंद लगेच साठवली जाते, वेगळे जतन करावे लागत नाही. तिथे कुलपाची नोंद डेटाबेसमधल्याच एका तक्त्यात असते, त्यामुळे फोल्डरमध्ये ‘.एलसीके’ शोधण्यात अर्थ नाही. तरीही ही वही एकावेळी एकाचीच.

एक्सएमएल वहीत मात्र जतन करणे हे काम उरतेच. आपोआप जतन करण्याची सोय मूळ मांडणीत दर पाच मिनिटांची असते. प्रत्येक जतनाच्या वेळी आधीची वही तारीख-वेळेचा १४ अंकी शिक्का नावात घेऊन बाजूला ठेवली जाते. फोल्डरमध्ये अशी पिल्ले साचतात, मूळ मांडणीत ती ३० दिवसांनी काढली जातात. चुकून त्यातल्याच एखाद्या प्रतीवर डबल-क्लिक करून पुढचा हिशेब तिच्यात लिहीत राहणे, हा नवख्यांचा घोटाळा. पुढच्या वेळी ग्नूकॅश शेवटची उघडलेली फाईल म्हणून तीच समोर आणते आणि चूक आठवडाभर ध्यानात येत नाही. खिडकीच्या माथ्यावरचे नाव वाचायची सवय लावावी. नावात लांबलचक आकडा दिसला तर थांबावे.

वीज गेली तेव्हा जतन न झालेल्या नोंदीही बहुधा पूर्ण बुडालेल्या नसतात. ‘.लॉग’ शेवटाच्या फाईलमध्ये प्रत्येक व्यवहार नोंदवताच उतरलेला असतो. शेवटची जतन केलेली वही उघडून आयात मेनूतून ही लॉग-फाईल पुन्हा चालवली की राहिलेले व्यवहार वहीत येतात. फाईल निवडताना नावातली वेळ पाहावी. वही पुन्हा उघडल्यावर नवी लॉग-फाईल सुरू झालेली असते, आपल्याला हवी असते ती वीज जाण्याच्या आधीची.