फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज टाकू नका

डॅशकॅमची, म्हणजे गाडीच्या पुढच्या काचेवरील कॅमेऱ्याची, वायर ट्रिमखाली (आतल्या सजावटी आवरणाखाली) लपवल्यावर फ्यूज वारंवार उडू लागला की ‘मोठ्या अँपिअरचा टाका, फ्यूज फक्त कॅमेरा वाचवण्यासाठी असतो’ असा सल्ला वर्षानुवर्षे दिला जातो. तो चुकीचा आहे, कारण फ्यूज प्रामुख्याने वायरचे रक्षण करतो.

डॅशकॅमला साधारणतः एक अँपिअरही लागत नाही, म्हणून त्याची वायर केवळ अर्ध्या चौरस मिलिमीटरची असली तरी चालते. परंतु पत्र्याच्या धारेवर घासून तिचे आवरण फाटले आणि तांबे गाडीच्या बॉडीला टेकून शॉर्ट सर्किट झाले, तर 10 अँपिअरचा लाल फ्यूज तत्काळ वितळतो, आणि त्याच्या जागी 30 चा हिरवा असेल, तर 12 व्होल्टवर 360 वॉटपर्यंतची उष्णता त्या बारीक वायरीत, तीही छताच्या कापडालगत, साठत राहू शकते. म्हणूनच नव्या वायरीला, ती जिथून वीज घेते तिथेच, तिच्या जाडीला साजेसा स्वतंत्र फ्यूज हवा. फ्यूज उडाला, तर आधी बिजागरीजवळचा आणि काचेलगतच्या खांबाच्या क्लिपाखालचा भाग उघडून आवरण तपासावे.

पुढच्या खांबात पडदा-एअरबॅग (बाजूच्या खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी) असल्यास वायर तिच्या मागून न्यावी, पुढून कधीही नको; कंपन्यांच्या सूचनाही हेच सांगतात.