कारावासाची कठोरता

कारावासाची कठोरता : कैद्याला तुरुंगात किती सोयी द्याव्यात आणि त्याचे तेथील जिणे किती खडतर असावे, यासंबंधीचा दंडशास्त्रातील व तुरुंग प्रशासनातील प्रश्न. न्यायालय शिक्षा सुनावते तेव्हा मुदत सांगते आणि कारावास साधा की सश्रम एवढे स्पष्ट करते. अंथरूण कसले, पाणी किती बादल्या, रात्री पंखा फिरणार की नाही, हे निकालपत्रात नसते. ते कारागृह नियमावली, अधीक्षकाचे अधिकार आणि बराकीत त्या घटकेला किती माणसे कोंबलेली आहेत यांवरून ठरते. त्यामुळे एकाच कलमाखाली तितक्याच वर्षांची शिक्षा झालेल्या दोघांच्या वाट्याला अगदी वेगवेगळा कारावास येऊ शकतो. ठाणे मध्यवर्ती कारागृह आणि नवी मुंबईतील तळोजा मध्यवर्ती कारागृह या दोन ठिकाणांवरून या प्रश्नाच्या बहुतेक बाजू लक्षात येतात.

कठोरतेच्या बाजूचा युक्तिवाद : तुरुंगाला ‘बिनभाड्याची खोली’ किंवा ‘सरकारी पाहुणचार’ म्हणण्याची जी रीत आहे, तिच्यामागे एक गंभीर आक्षेप आहे. प्रामाणिकपणे राबणाऱ्या गरिबाला बाहेर जे मिळत नाही, ते गुन्हेगाराला सरकारी खर्चाने का मिळावे, असा तो आक्षेप होय. इंग्लंडमध्ये १८३४ च्या गरीबविषयक कायद्याच्या निमित्ताने हे तत्त्व स्पष्टपणे मांडले गेले. सरकारी आश्रयाला आलेल्याची स्थिती बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराहून बरी असता कामा नये, असे ते तत्त्व तुरुंगांनाही लावण्यात आले. कळवा किंवा दिवा येथे दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा माणसांचा संसार करणाऱ्या आणि पहाटे सार्वजनिक नळावर हंडे लावणाऱ्या कुटुंबाच्या तोंडी हा आक्षेप आला, तर तो हसण्यावारी नेता येत नाही. धाक बसावा, गुन्ह्याने पोळलेल्या माणसाला न्याय झाल्यासारखे वाटावे आणि करदात्याचा पैसा जपून वापरला जावा, हे या बाजूचे इतर मुद्दे आहेत.

या युक्तिवादात एक गोष्ट मात्र सुटते. बाहेरचा गरीब माणूस अडचणीवर स्वतः काही ना काही तोड काढू शकतो. डास फार झाले तर तो कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडून उधारीवर अगरबत्ती आणतो, चष्मा फुटला तर दोरा बांधून भागवतो, उकडले तर दार उघडून ओट्यावर झोपतो. कैद्याला यांतल्या प्रत्येक गोष्टीसाठी अर्ज करावा लागतो. कारावासाचा खरा काच हालअपेष्टांपेक्षा या परवानगीत अधिक आहे, आणि बाहेरच्या दारिद्र्याशी तुलना करताना तो हिशेबात धरला जात नाही.

वसाहतकालीन वारसा : भारतातील तुरुंगांची कठोरता बऱ्याच अंशी ठरवून आखलेली होती. मेकॉले सदस्य असलेल्या तुरुंगशिस्त समितीने १८३८ च्या अहवालात कैद्याचे श्रम कंटाळवाणे व नीरस असावेत अशी शिफारस केली आणि त्याच्या नैतिक सुधारणेच्या कल्पनेला फारसा थारा दिला नाही. १८९४ च्या कारागृह अधिनियमात शिस्तभंगासाठी बेड्या, फटके, शिक्षेचा निकृष्ट आहार आणि कापडाऐवजी गोणपाटाचे कपडे अशा शिक्षा नमूद होत्या. कैद्याची सुधारणा हे तुरुंगाचे एक उद्दिष्ट असल्याचे १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने प्रथम ठळकपणे सांगितले. राजकीय कैद्यांना बरी वागणूक मिळावी म्हणून लाहोर तुरुंगात केलेल्या ६३ दिवसांच्या उपोषणानंतर १३ सप्टेंबर १९२९ रोजी क्रांतिकारक जतींद्रनाथ दास यांचा मृत्यू झाला आणि त्यापाठोपाठ १९३० मध्ये कैद्यांची अ, ब व क अशी वर्गवारी आली. वागणुकीतील हा फरक गुन्ह्याइतकाच कैद्याच्या सामाजिक दर्जावर आणि शिक्षणावर ठरत असे. तुरुंगातील सोय ही ‘चांगल्या घरच्या’ माणसासाठी असते, हा समज त्या वर्गवारीतून पक्का झाला आणि अजून पुरता गेलेला नाही.

ठाणे कारागृह : ठाण्याचे कारागृह मुळात किल्ला आहे. पोर्तुगिजांनी १७३० च्या सुमारास त्याचे बांधकाम सुरू केले, १७३७ मध्ये तो मराठ्यांच्या ताब्यात आला आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी घेतला. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांना इंग्रजांनी येथेच ठेवले होते आणि १८१६ मध्ये ते पहारेकऱ्यांच्या हातावर तुरी देऊन निसटले. पुढे किल्ल्याचा रीतसर तुरुंग झाला. राघोजी भांगरे यांना १८४८ मध्ये, तर नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या वधाच्या खटल्यातील अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी येथेच फाशी देण्यात आले. तोफा आणि शिबंदी यांच्यासाठी बांधलेली जागा माणसांच्या दीर्घ मुक्कामासाठी वापरली की हवा, उजेड व सांडपाणी या तिन्ही बाबतींत तडजोड करावी लागते. शहर चारही बाजूंनी वाढल्यामुळे नव्या बराकींसाठी मोकळी जागाही उरलेली नाही.

या कारागृहाची अधिकृत क्षमता १,१०५ असून अलीकडच्या वर्षांत तेथील बंद्यांची संख्या तिच्या तिपटीच्याही पुढे गेलेली आहे. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीनुसार बराकीत प्रत्येक कैद्यामागे ३.७१ चौ. मी., म्हणजे सुमारे ४० चौ. फूट जागा असावी आणि एका बराकीत वीसहून अधिक कैदी नसावेत. तिप्पट गर्दीत हीच जागा तेरा-चौदा चौ. फुटांवर येते. पथारी पसरायला साधारण सहा फूट लांबी आणि दोन फूट रुंदी लागते. म्हणजे कुशीवर वळताना शेजाऱ्याला कोपर लागणे ओघानेच आले. ही कठोरता कोणत्याही कायद्याने सांगितलेली नाही, कोणत्याही न्यायाधीशाने ठोठावलेली नाही आणि ती चोर, खुनी व निर्दोष ठरणारा आरोपी या सर्वांवर सारखीच लादली जाते. गर्दी वाढली की संडासासमोर रांग लागते, पाणी अपुरे पडते, कारागृहातल्या डॉक्टरला प्रत्येकामागे मिनिटभरही मिळत नाही आणि मुलाकतीची वेळ आक्रसते. सोयी वाढवाव्यात की कमी कराव्यात हा वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांना गर्दीचा हा हिशेब चुकवता येत नाही.

कच्चे कैदी : राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस भारतातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते, जागा ४,३६,२६६ जणांसाठी होती आणि बंद्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे दर चारांतले तीन, न्यायाधीन अर्थात कच्चे कैदी होते. ज्याचा गुन्हा सिद्ध झालेला नाही त्याला धाक कशाचा बसवायचा आणि अद्दल कशाची घडवायची, या प्रश्नाला कठोरतावाद्यांकडे उत्तर नाही. खुद्द १८९४ च्या अधिनियमाने, त्याचा एकूण सूर करडा असूनही, कच्च्या कैद्याला स्वखर्चाने किंवा घरून अन्न, कपडे, अंथरूण आणि इतर गरजेच्या वस्तू घेण्याची मुभा कलम ३१ मध्ये दिली होती. ती तपासणीच्या व नियमांच्या अधीन होती. प्रत्यक्षात सुरक्षेच्या कारणाने ही मुभा आक्रसत गेली आणि घरच्या डब्यासाठी न्यायालयाचा आदेश आणावा लागू लागला.

न्यायालयांची भूमिका : शिक्षेमुळे स्वातंत्र्य जाते, बाकीचे मूलभूत हक्क कारावासाशी विसंगत नसतील तेवढे शिल्लक राहतात, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने हळूहळू पक्की केली. तिच्या आरंभी एक मराठी पुस्तक आहे. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध असलेले प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी तुरुंगात अणुविज्ञानावर मराठी पुस्तक लिहिले आणि प्रकाशनासाठी हस्तलिखित बाहेर पाठवण्याची परवानगी मागितली. शासनाने ती नाकारली. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र शासनाचे अपील फेटाळले. स्थानबद्धतेच्या अटींमध्ये जे निर्बंध लिहिलेले नाहीत ते शासनाला मनाने वाढवता येत नाहीत, असा या निकालाचा आशय होता. सुनील बत्रा प्रकरणातील १९७८ व १९८० च्या निकालांनी एकांतकोठडी, बेड्या आणि कोठडीतील मारहाण यांना आळा घातला. सुकन्या शांता प्रकरणात ३ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयाने कैद्यांना जातीवरून कामे वाटून देणाऱ्या नियमावल्यांतील तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या.

कायद्याने कठोरतेला जेथे मुद्दाम जागा ठेवली आहे तेथे मोजमापही ठेवले आहे. एकांतवासाची शिक्षा एका वेळी चौदा दिवसांहून अधिक आणि एकूण तीन महिन्यांहून अधिक देता येत नाही, ही भारतीय दंड संहितेतील मर्यादा भारतीय न्याय संहितेतही कायम आहे. कैद्यांच्या वागणुकीविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांनी सलग पंधरा दिवसांपलीकडचा एकांतवास निषिद्ध मानला आहे. गर्दी, उकाडा आणि पाणीटंचाई यांना अशी कमाल मर्यादा कायद्याने घातलेली नाही.

तळोजा येथील किरकोळ वस्तू : खारघरच्या टेकड्यांपलीकडे असलेले तळोजा कारागृह एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झाले. त्याची क्षमता २,१२४ आहे. ठाण्याच्या मानाने इमारत नवी आणि मोकळी असूनही २०२० नंतर सोयी-गैरसोयींचे सर्वाधिक गाजलेले वाद येथूनच न्यायालयांत गेले, आणि ते अगदी साध्या वस्तूंवरून होते. एल्गार परिषद प्रकरणातील कच्चे कैदी, कंपवाताने हात थरथरत असलेले ८३ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी यांनी नोव्हेंबर २०२० मध्ये पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून न्यायालयात अर्ज केला. तपास यंत्रणेने अटकेच्या वेळी आपण या वस्तू त्यांच्याकडून घेतल्याच नसल्याचे सांगितले आणि तारखा पडत गेल्या. ५ जुलै २०२१ रोजी जामिनाचा निर्णय होण्यापूर्वीच मुंबईतील रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. त्याच सुमारास याच प्रकरणातील गौतम नवलखा यांचा चष्मा तुरुंगात चोरीला गेला आणि घरच्यांनी पाठवलेले नव्या चष्म्याचे पार्सल कारागृहाने स्वीकारले नाही, अशी तक्रार झाली. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याबद्दल माणुसकी सर्वांत महत्त्वाची असल्याचे सुनावले आणि तुरुंगाधिकाऱ्यांसाठी कार्यशाळा घेण्याची वेळ आल्याचे सुचवले.

मच्छरदाणीचा वाद यांहून गुंतागुंतीचा आहे, कारण तेथे नकारालाही आधार होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये तळोजातील एका टोळीप्रमुखाने मुंबईच्या सत्र न्यायालयात मेलेले डास भरलेली बाटलीच सादर करून मच्छरदाणी मागितली. दोऱ्या आणि खिळे यांचा उपयोग गळफासासाठी किंवा हल्ल्यासाठी होऊ शकतो, असे कारागृहाचे म्हणणे होते. न्यायालयाने मच्छरदाणी नाकारली, पण डास पळवणारी मलमे वगैरे वापरण्यास हरकत घेतली नाही. अशा प्रसंगी सोय आणि सुरक्षा यांचे पारडे तोलावे लागतेच. चष्मा किंवा सिपर यांच्याबाबत तोलण्यासारखे काही नव्हते.

पैसा आणि सोय : नियमाने समान असलेला तुरुंग उपाहारगृहाच्या खिडकीपाशी असमान होतो. कैद्याच्या खात्यावर नातेवाइकांना दरमहा ठरावीक मर्यादेपर्यंत मनिऑर्डर पाठवता येते. २०२१ मध्ये महाराष्ट्रात ही मर्यादा ४,५०० रुपये होती. त्यातून साबण, बिस्किटे, फरसाण, लोणचे मिळते. ज्याच्या नावे मनिऑर्डर येत नाही तो दुसऱ्याचे कपडे धुऊन किंवा भांडी घासून साबणाची वडी मिळवतो. ‘तुरुंगात ऐषआराम’ अशा मथळ्यांच्या बातम्या बहुधा पैसेवाल्या कैद्यांविषयी असतात. त्या वाचून सोयी कमी करण्याची मागणी होते आणि ती कात्री प्रथम मनिऑर्डर न येणाऱ्यावर चालते. परदेशातून आणायच्या आरोपींसाठी मात्र वेगळेच मोजमाप लागते. विजय मल्ल्या यांच्या प्रत्यार्पणाच्या सुनावणीत २०१८ मध्ये लंडनच्या न्यायालयाने आर्थर रोड कारागृहातील बराक क्रमांक १२ चे चित्रीकरण मागवून उजेड व हवा तपासली होती.

परिणामांविषयीचा पुरावा : खडतर तुरुंगामुळे माणूस पुन्हा गुन्ह्याकडे वळत नाही, या समजाला संशोधनाचा आधार तोकडा आहे. एम. कीथ चेन आणि जेसी शपिरो या अर्थशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये अमेरिकेतील केंद्रीय तुरुंगांतील अशा कैद्यांची तुलना केली, जे सुरक्षेच्या वर्गवारीसाठीच्या गुणांकनात जवळपास सारखे असूनही थोडक्या फरकाने वेगवेगळ्या कडकपणाच्या तुरुंगांत गेले होते. कडक तुरुंगातून सुटलेल्यांचे पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण कमी झालेले त्यांना आढळले नाही. उलट ते वाढत असल्याच्या खुणा होत्या. नॉर्वेतील हाल्डेन तुरुंग (२०१०) हे सौम्य कारावासाचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे, पण मोजक्या कैद्यांच्या श्रीमंत देशाचा नमुना ठाण्याच्या किल्ल्यात जसाच्या तसा आणता येईल असे मानणे भाबडेपणाचे होईल.

महाराष्ट्रातील प्रयोग अधिक जवळचे आहेत. औंध संस्थानात १९३० च्या दशकाच्या अखेरीस आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली आणि तेथे कैदी कुटुंबासह राहून शेती करू लागले. येरवडा आणि पैठण येथे खुली कारागृहे आहेत. कैद्याला आपल्या मुलांना जवळ घेता यावे म्हणून ‘गळाभेट’ उपक्रम होतो, आणि २०२३ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या कैद्यांना गादी व उशी वापरण्याची मुभा देण्यात आली. खुल्या कारागृहासाठी मात्र शिक्षा झालेल्या व चांगली वर्तणूक असलेल्या कैद्यांचीच निवड होते. ठाणे आणि तळोजा येथील बहुसंख्य बंदी कच्चे असल्यामुळे या निवडीत ते मोडत नाहीत. राज्यातला सर्वांत सौम्य तुरुंग मिळण्यासाठी आधी दोषी ठरावे लागते.