टॉर्टिया म्हणजे मैद्याची पोळी नव्हे

कणकेऐवजी मैदा घेतला, नेहमीसारखी घडी घालून पोळी लाटली, राजमा-भात भरून गुंडाळली आणि दोन घासांत पदर सुटून सगळं सारण हातावर आलं, माझी पहिली टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकोतली सारण भरून गुंडाळायची पातळ पोळी, अशी झाली होती. उरलेल्या गार झाल्यावर वातड. खूप दिवस मला वाटायचं मैदाच चांगला नव्हता, पण खरं म्हणजे तेल चुकीच्या जागी गेलं होतं.

पोळीच्या कणकेत तेल अगदी नावाला असतं, खरं तेल लागतं ते घडीला. तेल लावून पीठ भुरभुरवून त्रिकोणी घडी घातली की तव्यावर त्या पदरांमध्ये वाफ कोंडते आणि पोळी टम्म फुगते. टॉर्टियाला घडी नाहीच, सगळं स्निग्ध पिठातच, म्हणजे आपण शंकरपाळ्यांना घालतो तसं मोहन! 250 ग्रॅम मैद्याला साधारण 50 ग्रॅम तूप, लोणी किंवा डालडा, आणि ते बोटांनी पिठाला नीट चोळायचं, मुठीत दाबलं की मुटका वळला पाहिजे. हे स्निग्ध पिठाच्या कणांवर बसतं त्यामुळे ग्लुटेनचे, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाचे, धागे लांब होत नाहीत, आणि म्हणूनच टॉर्टिया गार झाली तरी मऊ राहते, गुंडाळली तरी तुटत नाही.

ह्या गव्हाच्या टॉर्टियाचं मूळ घर मेक्सिकोच्या उत्तरेला, सोनोरा वगैरे भागात, तिथे मोहन डुकराच्या चरबीचं. गहू तिकडे स्पॅनिश लोकांनी नेला, त्याआधी सगळी मक्याचीच टॉर्टिया, मका चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटून केलेली, ती आपल्या भाकरीच्या जवळची आहे, तिला इथे मध्ये आणू नका. सोनोरातल्या बायका गव्हाची टॉर्टिया हातावर ताणून ताणून एवढी मोठी करतात की ती पार दंडापर्यंत येते, आणि पातळ इतकी की पलीकडचं दिसावं. कणकेतल्या कोंड्याने असं ताणणं जमत नाही, म्हणून मैदा.

आणि ह्या सोनोराशी आपल्या पोळीचं नातं आहे बरं का. सोनोरा 64 हा मेक्सिकन गहू साठच्या दशकात भारतात आला, पीक भरपूर पण दाणा लालसर, आणि आपल्याकडे पोळीला सोनेरी दाणाच हवा, म्हणून दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत त्यावर गॅमा किरणांचा मारा करून शरबती सोनोरा हे वाण काढलं. मला ही गोष्ट फार आवडते.

आता करायचं कसं, तर वरच्या मापाला छोटा चमचा मीठ आणि साधारण 125 मिली गरम पाणी, गारढोण नको (कणकेला ह्याहून जास्त पाणी लागतं, कोंडा पाणी पितो). पाच-सात मिनिटं मळा, गोळे करून झाकून अर्धा तास ठेवा, हे टाळलंत तर लाटताना सारखी आक्रसत राहील. मग जमेल तेवढी पातळ लाटा, तवा चांगला तापलेला आणि कोरडा, एका बाजूला अर्धा मिनिट, पुरे. फडक्याने दाबून फुगवायला जाऊ नका, छोटे छोटे फुगे आणि तपकिरी डाग आले की झालं. जास्त भाजली की कडक. उतरवली की लगेच फडक्यात एकावर एक रचून गुंडाळून ठेवा, पोळीसारखी जाळीवर वाफ जायला ठेवलीत तर कडा कोरड्या पडतील.