सूर्यघर योजनेचा अर्ज अडतो तो वीजबिलावरच्या नावापाशी

छतावर सोलर बसवायचं ठरलं की लोक आधी पॅनलवाल्याला फोन लावतात. कृपा करून आधी वीजबिल हातात घ्या आणि त्यावर कुणाचं नाव आहे ते बघा.

पीएम सूर्यघर योजनेत केंद्राकडून पहिल्या 2 किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला 30,000 रुपये आणि तिसऱ्याला 18,000, असं जास्तीत जास्त 78,000 रुपये अनुदान मिळतं. 5 किलोवॅट बसवलं तरी आकडा तोच. घर स्वतःचं, छत पॅनलजोगं, वीजजोडणी चालू आणि याआधी सोलरचं अनुदान घेतलेलं नको, एवढीच पात्रता. योजनेच्या पोर्टलवरची नोंदणी ग्राहक क्रमांक आणि मोबाईल हाताशी असला की होऊन जाते.

गेल्या उन्हाळ्यात एक काकू प्लास्टिकच्या पिशवीत वर्षभराची बिलं घडी घालून माझ्याकडे घेऊन आल्या. बिल वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर, घरपट्टी नवऱ्याच्या आणि पासबुक त्यांचं स्वतःचं. "अहो, बिल तर आम्हीच भरतोय ना इतकी वर्षं!" खरंच होतं त्यांचं. पैसे घेताना इतकी वर्षं ते नाव कुणाला खटकलं नाही, अनुदानाच्या वेळी मात्र खटकलं, याचा मलाही राग येतो. पण अर्ज होतो तो बिलावरच्या ग्राहकाच्या नावानेच. त्यामुळे मृत्यूचा दाखला, घरपट्टीची पावती किंवा ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा आणि बाकी वारसांचं संमतीपत्र जोडून आधी नावबदल करून घ्यावा लागतो. काकूंचं अडलं ते परगावी राहणाऱ्या दिरांच्या सहीपाशी. म्हणून सांगते, भाऊबहीण दिवाळीला घरी जमतील तेव्हाच त्या सह्या उरकून घ्या. आधार, बिल आणि पासबुक यांवरचं नावही सारखं हवं. एकीकडे नुसतं आद्याक्षर आणि दुसरीकडे पूर्ण नाव असेल, तर तेही आधीच दुरुस्त करा.

दुसरी ठेच लागते कोटेशनमध्ये. अनुदान पॅनल आणि इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) यांपैकी ज्याची क्षमता कमी, त्यावर मोजतात. 540 वॅटचे 5 पॅनल म्हणजे 2.7 किलोवॅट. इन्व्हर्टर 3 चा असला तरी हाती येतात 72,600. "तीन किलोवॅट" एवढ्याच शब्दावर सही करू नका, पॅनल मोजा. पॅनल डीसीआर, म्हणजे सेलसकट भारतात बनलेले हवेत, आणि तसं कोटेशनवर लिहून घ्या. ओळखीतल्या एकांनी स्वस्त पडतात म्हणून दुसरे बसवले आणि अनुदानाला मुकले. विक्रेता पोर्टलवर नोंदणी झालेलाच हवा. "आधी बसवून टाकू, अर्ज मागाहून करू" म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

अनुदान नंतर येतं, त्यामुळे "78,000 वजा करून द्या" असा हिशेब धरून घरातली पुंजी मोडू नका. पैसे कमी पडत असतील तर 3 किलोवॅटपर्यंत तारणाशिवाय बँकेचं कर्ज मिळतं, त्याचा अर्जही पोर्टलवरूनच करता येतो.

नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा मीटर) लागला, तपासणी झाली, की बरेचजण निश्चिंत होतात. पण बँकेचा तपशील आणि कॅन्सल चेक पोर्टलवर चढवून अनुदानाची मागणी तुम्हाला करावी लागते. विक्रेत्याने "मी करतो" म्हटलं तरी स्वतः लॉगिन करून बघा, आणि खाते क्रमांक पासबुकाशी एकेक आकडा ताडून घ्या.