कर्नलचं बिऱ्हाड हलवताना

जुन्या धाटणीच्या पीसीवर एक्सव्ही६ नावाचा छोटासा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सुरू होतो, तेव्हा त्याच्या अगदी पहिल्या कामांमध्ये एक विचित्र काम असतं. तो कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपला आज्ञा पाठवतो. या आज्ञेचा कीबोर्डशी काही संबंध नसतो. १ एमबीच्या पलीकडची मेमरी नीट वापरता यावी, एवढ्यासाठी ती असते.

यामागे एक जुनी गोष्ट आहे. इंटेलच्या ८०८६ प्रोसेसरला पत्त्यासाठी २० तारा होत्या, म्हणजे १ एमबीपर्यंतच पोच. त्यापुढचा पत्ता दिला की तो गोल फिरून पुन्हा शून्यापासून सुरू व्हायचा, आणि काही प्रोग्रॅम त्यावरच विसंबून होते. १९८४ साली आयबीएमने ८०२८६ बसवलेला पीसी-एटी आणला. त्यात २४ तारा होत्या, म्हणजे ते जुने प्रोग्रॅम बिघडणार होते. मग एकविसाव्या तारेवर एक फाटक बसवलं गेलं आणि ते उघडण्या-मिटण्याचं काम कीबोर्डच्या चिपवरच्या एका मोकळ्या पिनला दिलं. २००६ साली लिहिलेल्या एक्सव्ही६लाही ते फाटक आधी उघडावं लागे.

२०१९ साली हाच एक्सव्ही६ रिस्क-फाइव्ह या वेगळ्या घराण्याच्या प्रोसेसरवर नेला गेला, आणि ती आज्ञा नाहीशी झाली. कारण ती मुळात ऑपरेटिंग सिस्टिमची नव्हतीच. ती त्या यंत्राची होती. भाड्याचं घर सोडताना कुठलं कपाट भिंतीतलं आणि कुठलं आपलं ते समजतं, तसंच कर्नलचं आहे. एकाच यंत्रावर तो कितीही वेळा वाचला, तरी त्यातला विचार कोणता आणि यंत्राची गरज कोणती हे वेगळं दिसत नाही. बिऱ्हाड हलवलं की दिसतं. म्हणूनच ऑपरेटिंग सिस्टिम खोलात शिकू पाहणाऱ्या प्रत्येकाने निदान एकदा तरी छोटा कर्नल पोर्ट करून, म्हणजे वेगळ्या प्रोसेसरवर नेऊन, पाहावा, असं मला मनापासून वाटतं.

कर्नल म्हणजे काय, हे कालव्याच्या पाणीपाळीवरून चटकन समजेल. पाणी एकच, शेतकरी अनेक. पाटकरी ठरल्या वेळेला एकाचं दार बंद करतो आणि दुसऱ्याचं उघडतो. कर्नलही प्रोसेसर असाच पाळीने वाटतो. एक्सव्ही६मध्ये ही पाळी सेकंदाच्या साधारण दहाव्या भागाची असते, आणि एका वेळी जास्तीत जास्त ६४ प्रोसेस, म्हणजे चालू असलेले प्रोग्रॅम, असू शकतात. शिवाय एकाची मेमरी दुसऱ्याला दिसू न देणं, डिस्कवरच्या फायली सांभाळणं, कीबोर्ड आणि पडद्याशी बोलणं ही कामंही त्याचीच. लिनक्सच्या कर्नलमध्ये हे सगळं तीन कोटींहून जास्त ओळींत पसरलेलं आहे. एक्सव्ही६ सुमारे सहा हजार ओळींत भागवतो. नेटाने बसलं तर सहा हजार ओळी एका शैक्षणिक सत्रात वाचून होतात.

या छोट्या कर्नलचं मूळ युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १९७५च्या सहाव्या आवृत्तीत आहे. नावातले ‘व्ही’ आणि ‘६’ तिथूनच आले. बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ती पीडीपी-११ या यंत्रासाठी केली होती. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स यांनी तिचा कर्नल ओळीओळीने वर्गात शिकवला आणि त्यावर टिपणं लिहिली. पुढच्या आवृत्तीच्या परवान्याने हा कोड वर्गात शिकवायला मनाई केली, तेव्हा त्या टिपणांच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स हातोहात फिरत राहिल्या. याच अडचणीतून वाट काढायला अँड्र्यू टॅनेनबाम यांनी ॲमस्टरडॅममध्ये शिकवण्यासाठी मिनिक्स ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली. ती १९८७ साली आली, आणि चार वर्षांनी हेलसिंकीतल्या एका विद्यार्थ्याने तिच्यावरच काम करत लिनक्सची सुरुवात केली. एमआयटीत २००२ साली ऑपरेटिंग सिस्टिमचा नवा अभ्यासक्रम आखताना पुन्हा लायन्सच्या टिपणांकडेच हात गेला. पण मुलांना पीडीपी-११ ही कधी न पाहिलेली चीज शिकावी लागत होती. म्हणून २००६च्या उन्हाळ्यात रस कॉक्स, फ्रान्स काशूक आणि रॉबर्ट मॉरिस यांनी तीच रचना नव्या सी भाषेत आणि इंटेलच्या एक्स८६ प्रोसेसरसाठी पुन्हा लिहिली.

त्या जुन्या सहाव्या आवृत्तीत एक प्रसिद्ध टीप आहे. एका प्रोसेसवरून दुसरीवर जाण्याच्या कोडमध्ये, लायन्स यांच्या क्रमांकांनुसार २२३८व्या ओळीवर लिहिलंय की हे तुम्हाला समजावं अशी अपेक्षा नाही. ती उर्मट आहे असं अनेकांना वाटत आलं. रिचींनी नंतर खुलासा केला की ‘हे परीक्षेला येणार नाही’ अशा भावनेने ती लिहिली होती. पुढे त्यांनी जे कबूल केलं ते मला फार मोलाचं वाटतं. ते म्हणाले, खरी अडचण अशी होती की तिथे काय चाललंय ते आम्हालाही पुरतं कळलं नव्हतं. त्या कोडमध्ये एका फंक्शनने जपून ठेवलेली स्थिती दुसऱ्याच फंक्शनच्या परतीच्या वाटेने उचलली जात होती. पीडीपी-११चा कंपायलर, म्हणजे सी भाषेतला कोड यंत्राच्या सूचनांत बदलणारा प्रोग्रॅम, प्रत्येक फंक्शनमध्ये रजिस्टर (प्रोसेसरच्या आतल्या साठवणीच्या छोट्या जागा) एकाच ठरावीक पद्धतीने जपायचा, म्हणून ते निभावून जात होतं. युनिक्स इंटरडेटा या यंत्रावर नेताना मात्र तिथला कंपायलर फंक्शनगणिक वेगळं वागू लागला आणि पाया हलला. वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेल्या कोडमधली ही चूक बिऱ्हाड हलवल्यावरच उघडी पडली.

एक्सव्ही६मध्ये प्रोसेस बदलण्याचं हेच काम इतकं स्वच्छ केलंय की पहिल्यांदा वाचताना मी जागेवरून उठून फेरी मारून आलो होतो. रिस्क-फाइव्हच्या आवृत्तीत ते फंक्शन मोजून २९ सूचनांचं आहे. १४ सूचना जुन्या कामाची १४ रजिस्टर मेमरीत ठेवतात, १४ सूचना नव्या कामाची १४ रजिस्टर उचलतात, आणि शेवटची सूचना ‘परत जा’ म्हणते. परत जायचं कुठे? परतीचा पत्ता ज्या रजिस्टरमध्ये असतो तेही त्या चौदांपैकीच एक, आणि ते आत्ताच बदललेलं आहे. त्यामुळे एका प्रोसेसने हाक मारलेलं फंक्शन दुसऱ्याच प्रोसेसमध्ये परततं. जिने हाक मारली ती तिथेच थांबून राहते, आणि तिची पाळी पुन्हा आली की काही घडलंच नाही अशी पुढच्या ओळीवर जाते. एक्स८६वर याच फंक्शनमध्ये फक्त चार रजिस्टर स्टॅकवर, म्हणजे हाकांचा हिशेब ठेवणाऱ्या मेमरीच्या तुकड्यावर, जपावी लागत. परतीचा पत्ता तिथे हाक मारतानाच स्टॅकवर जाऊन बसलेला असतो, आणि बाकीची रजिस्टर जपायची जबाबदारी कंपायलरच्या नियमाप्रमाणे हाक मारणाऱ्याची. आकडे बदलले, विचार तोच राहिला.

मेमरीच्या पत्त्यांचंही असंच. दोन्ही यंत्रं मेमरी ४,०९६ बाइटच्या पानांत वाटतात आणि कुठलं पान कुठे आहे याची नोंदही अशाच पानांत ठेवतात. एक्स८६च्या ३२-बिटी आवृत्तीत एक नोंद ४ बाइटची, म्हणून एका पानात १,०२४ नोंदी आणि शोधाच्या दोन पायऱ्या. रिस्क-फाइव्हमध्ये नोंद ८ बाइटची, म्हणून ५१२ नोंदी आणि तीन पायऱ्या. हाताने लिहिलेल्या दोन पायऱ्यांच्या जागी एक छोटं लूप आलं, की काम झालं.

नव्या आवृत्तीत कर्नलला स्वतःचं वेगळं पेज टेबलही, म्हणजे पानांच्या या नोंदींचा तक्ताही, मिळालं. प्रोसेसमधून कर्नलमध्ये शिरताना हे टेबल बदलावं लागतं, आणि बदललं त्याच क्षणी पुढची सूचना ज्या पत्त्यावर होती त्या पत्त्याचा अर्थही बदलतो. उपाय असा केलाय की हा बदल करणारा कोड ज्या पानात आहे, ते पान दोन्ही टेबलांत सगळ्यात वरच्या, एकाच पत्त्यावर बसवायचं. टेबल बदललं तरी पायाखालचं ते एक पान जागेवरच राहतं.

आता मी स्वतः दोन रात्री अडकलो होतो ती जागा. शिकण्यासाठी म्हणून एक्स८६ची आवृत्ती मी एमुलेटरमधल्या, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या, रिस्क-फाइव्हवर न्यायला घेतली होती. कर्नल सुरू झाल्याची ओळ पडद्यावर आली आणि पुढे सगळं शांत. एरर नाही, कर्नलने हात टेकल्याचा ‘पॅनिक’ संदेशही नाही. शेवटी प्रत्येक सिस्टिम कॉलचा, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलला मारलेल्या हाकेचा, क्रमांक छापणारी एक ओळ घातली. पडद्यावर आलं ७, मग १५, १५, १५, १५, आणि ते थांबेचना. सात म्हणजे नवा प्रोग्रॅम चढवा, तो चढला होता. पंधरा म्हणजे फाइल उघडा. पहिला प्रोग्रॅम सगळ्यात आधी कन्सोल, म्हणजे पडदा-कीबोर्डची जोडी, उघडतो, आणि माझा तेच एक काम पुन्हा पुन्हा करत बसला होता.

प्रोग्रॅम कर्नलला हाक मारतो तेव्हा परत कुठे यायचं ते प्रोसेसर टिपून ठेवतो. एक्स८६ त्या वेळी हाकेच्या पुढच्या सूचनेचा पत्ता टिपतो. रिस्क-फाइव्ह खुद्द हाकेच्या सूचनेचाच पत्ता टिपतो. माझा कोड जुन्या सवयीने तोच पत्ता परत देत होता, म्हणून प्रोग्रॅम परतायचा आणि लगेच पुन्हा तीच हाक मारायचा. त्या पत्त्यात ४ मिळवायचे होते, कारण हाकेची सूचना ४ बाइटची असते. एवढी एक ओळ लिहिली आणि पडद्यावर आज्ञा घेणाऱ्या शेलचं डॉलरचं चिन्ह उमटलं. सिस्टिम कॉल कसा चालतो हे त्याआधी मी अनेकदा वाचलं होतं, समजलं मात्र त्या चारमुळे.

न बदललेल्या गोष्टींची यादी याहून मोठी आहे. एका प्रोग्रॅमचं आउटपुट दुसऱ्याला देणारा पाइप आणि त्याची ५१२ बाइटची जागा तशीच आली. फाइल सिस्टिममध्ये कुठलाही बदल आधी लॉगमध्ये लिहितात, लॉग पुरा झाला की मगच खऱ्या जागी नेतात, म्हणजे मधेच वीज गेली तरी डिस्क अर्धवट राहत नाही. ही शिस्तही जशीच्या तशी आली. डिस्कशी प्रत्यक्ष बोलणारा ड्रायव्हर तेवढा नवा लिहावा लागला. यंत्राला बांधलेला कोड सुरू होण्याच्या, प्रोसेस आणि कर्नल यांच्यामधलं दार ओलांडण्याच्या आणि उपकरणांच्या मोजक्या फायलींमध्ये गोळा झालेला दिसतो.

आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या अभ्यासक्रमात एक्सव्ही६ शिकवला जातो. रिस्क-फाइव्ह घराण्याचे प्रोसेसरही आता देशात घडताहेत: आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’, आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचा ‘वेगा’. अशा खऱ्या बोर्डावर कर्नल न्यायचा म्हणजे एमुलेटरने लपवलेली कामं अंगावर येतात. डिस्कच्या जागी एसडी कार्ड असतं आणि त्याचा ड्रायव्हर स्वतः लिहावा लागतो. पेज टेबल बदलल्यावर जुन्या नोंदी पुसण्याची सूचना द्यायला विसरलं, तर एमुलेटरमध्ये कदाचित खपून जातं, खऱ्या चिपवर तासातून एकदा कुठेतरी भलतंच घडतं.

सुरुवात मात्र सगळीकडे एकाच कामाने होते. बोर्डाच्या माहितीपत्रकात यूएआरटीचा, म्हणजे एकेक अक्षर बाहेर पाठवणाऱ्या चिपचा, पत्ता शोधायचा. क्यूएमू या एमुलेटरच्या नेहमीच्या रिस्क-फाइव्ह यंत्रात तो हेक्साडेसिमलमध्ये १०००००००, एकावर सात शून्यं, असा आहे. स्टॅकसाठी थोडी जागा राखून ठेवायची आणि त्या पत्त्यावर एक बाइट लिहायची. मग दुसऱ्या टोकाला जोडलेल्या लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत ते एक अक्षर उमटेपर्यंत वाट बघायची.